मुकुटाचं प्रस्थान

"तिला काय विचारायचं? तिला सगळं चालतं," आत्या बाहेर म्हणाली.

मी आत, फळ्यांच्या आडोशाला, डोक्यावर मुकुट घेऊन बसले होते. मुकुट कागदाच्या लगद्याचा होता, अजून पुरता वाळला नव्हता, आणि कानांमागे त्याची गार ओल उतरत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, कडेची नक्षी अंगठ्याने दाबून बसवत होते. "हलू नकोस. स्वल्प बस, थोडंच राहिलंय," ते म्हणाले. सिनेमातल्या राजाचं डोकं केवढं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. माझं डोकं घरात होतं, म्हणून माप माझ्या डोक्याचं.

बाहेर थिएटरवाले आणि त्यांची बायको बसली होती. मूळचे हुबळीचे. तिथे त्यांचं स्वतःचं टॉकीज होतं आणि इथे बेंगळूरला मॅजेस्टिक भागातल्या एका थिएटरात भागीदारी. तिथे एक पौराणिक चित्रपट शंभराव्या दिवसाकडे चालला होता. त्या दिवशी राजाचा मुकुट काचेच्या पेटीत घालून दारात ठेवायचा, लोकांना वाटलं पाहिजे की पडद्यावरचा तो हाच, अशी त्यांची कल्पना. मुकुट करायला ते आमच्याकडे आले होते. आमचं दुकान चिकपेठेमागच्या गल्लीत होतं, नाटकांना लागणाऱ्या गदा, धनुष्यं, दाढ्या भाड्याने द्यायचं. मुकुटाच्या निमित्ताने दोन-तीनदा आले आणि त्यांना मी दिसले. हुबळीचं टॉकीज सांभाळणारा त्यांचा एक पुतण्या होता, लग्नाचा.

"बोलत नाही ना फार?" बाईंनी विचारलं.

"विचारलं तर बोलते. पण इंग्रजी शाळेतली आहे हो, मान वर करत नाही."

हे दोन्ही एकत्र कसं जमतं ते मला कळलं नाही, पण बाईंना कळलं असावं. त्या हसल्या. मग थिएटरवाले म्हणाले, "सरी तर, ठरलं. रविवारी मुकुट न्यायला येतोच आहोत, तेव्हाच सुपारी फोडून टाकू. सोमवारी आम्हाला हुबळीला जायचंय."

अण्णांचा अंगठा नक्षीवर थांबला. मला वाटलं, ते आता मला काहीतरी विचारतील. त्यांनी मुकुट अलगद उचलला, आतून फुंकर मारली आणि म्हणाले, "माप बरोबर आहे."

आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून घर आत्याचं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची आणि सगळी गल्ली तिला भ्यायची. मी नन्सच्या शाळेत शिकले, मग इंटर झाले. शाळेत मी इंग्रजीत निबंध लिहून बक्षिसं मिळवली. बाजारापुरतं कन्नड येत होतं. घरी मराठी, पण घरातल्या मराठीत मला 'हो' आणि 'आले' यांपलीकडे फार काही बोलावं लागलं नव्हतं. बी.ए.चा फॉर्म आणून मी घड्याळामागे ठेवला होता. त्यावर अण्णांची सही हवी होती. दर रविवारी अण्णा घड्याळाला किल्ली द्यायचे, फॉर्म बाजूला करायचे, आणि पुन्हा तिथेच ठेवायचे.

गुरुवारी अण्णा मला अव्हेन्यू रोडवर रंगाच्या दुकानात घेऊन गेले. मला बरोबर नेण्याचं कारण डबे. अण्णांना कन्नड आणि मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. एरवी ते मुकुटाला बेगड चिकटवायचे किंवा पिवडी लावून वर व्हार्निश मारायचे. नाटकाच्या बत्त्यांखाली तेवढं पुरतं. पण थिएटरवाल्यांना बेगड नको होती. त्यांना फवारलेला रंग हवा होता, "मोटारीसारखा, हात फिरवला तर घसरला पाहिजे." फवाऱ्यात घालायचे धातूचे रंग अण्णा पहिल्यांदाच घेत होते.

दुकानदाराने चार लहान डबे काउंटरवर मांडले. झाकणं उघडून प्रत्येकातली चिमूटभर भुकटी एका काळ्या पुठ्ठ्यावर बोटाने ओढली. पुठ्ठ्यावर चार पट्टे उमटले. एक फिकट सोनेरी, एक गडद, एक तांबूस आणि एक ॲल्युमिनियमचा, रुपेरी.

"वाच," अण्णा म्हणाले.

मी वाचलं. पेल गोल्ड. रिच गोल्ड. कॉपर. ॲल्युमिनियम.

"पडद्यावरचा यातला कुठला?" दुकानदाराने कन्नडमध्ये विचारलं. त्यानेही सिनेमा पाहिला होता, दोनदा.

खरी अडचण तीच होती. सिनेमा काळापांढरा होता. तो मुकुट कुठल्या रंगाचा होता हे शहरात कुणालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आत्याबरोबर बायकांच्या बाकावर बसून मीही तो पाहिला होता. राजा मान वळवायचा तेव्हा मुकुट पांढरा लखलखायचा, दुधाच्या घासलेल्या कॅनसारखा. सोनं असं चमकत नाही. आत्याच्या पाटल्या फोटोत नेहमी काळसर येतात. मला मनातून खात्री होती की तो मुकुट रुपेरी रंगवलेला असणार.

"देवाधर्माच्या राजाचा मुकुट. सोन्याचाच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठा उन्हात धरला. फिकट सोनेरी त्यांना पितळेसारखा वाटला. गडद सोनेरीवर ते बराच वेळ रेंगाळले, डोळे बारीक करून. हल्ली ते सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायचे. "हा. हा ना?"

ते मला विचारत होते की स्वतःलाच, हे ठरवायच्या आत दुकानदाराने डबा बांधायला घेतला होता. मी तो हातात घेतला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना होत्या. व्हार्निशमध्ये लागेल तेवढाच रंग कालवावा. कालवल्यावर लगेच वापरावा. कालवून ठेवल्यास रंग हिरवट पडून काळवंडेल. मी ते मनात वाचलं. मला फक्त नावं वाचायला सांगितली होती.

तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे मी आजही सांगू शकते. शुक्रवारचं तसं सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी आत्याने पंचांग उघडलं. शनिवारी अमावस्या. रविवारी सकाळी रंग फवारायचा तर शनिवारी तयारी करायला हवी, आणि अमावस्येला नव्या कामाला हात लावायचा नाही. आमच्याकडे यावर उपाय आहे. वाईट दिवशी प्रवासाला निघावं लागणार असेल तर आदल्या चांगल्या दिवशी एखादं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं गेलं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग पाय उद्या उचला की परवा, दोष लागत नाही.

"रंगाचं प्रस्थान ठेवून टाका," आत्या म्हणाली. "आजच कालवा. साडेदहाला राहूकाळ लागेल, त्याच्या आत. आणि मी सुपारीचं ठेवते."

तिने देवापुढे हळदकुंकू लावलेली सुपारी ठेवली. माझ्या लग्नाचं काम सुरू झालं.

अण्णांनी मागच्या पडवीत व्हार्निशचं भांडं घेतलं. मोटारी रंगवणाऱ्याने आपलं यंत्र द्यायला नकार दिला होता, म्हणून त्यांनी घरातला डास मारायचा हातपंप रॉकेलने तीनदा धुऊन उन्हात ठेवला होता.

"बघा, आता डाससुद्धा सोन्याचे होतील," आत्या म्हणाली.

"होऊ दे. ते मेले की तुला त्यांच्या पाटल्या करू," अण्णा म्हणाले. त्या दिवशी ते खुशीत होते.

मी उंबऱ्यात उभी होते. अण्णांनी डबा उघडला आणि सगळी भुकटी एकदम व्हार्निशमध्ये पालथी केली. थोडीसुद्धा ठेवली नाही. काडीने ढवळू लागले तसं भांड्यात खरोखर सोनं फिरायला लागलं. त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "बघ ग, कसं आलंय!"

एक वाक्य बोलायचं होतं. अण्णा, हे आज कालवायचं नसतं. तेवढंच. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, मराठीत. पण त्याच्या मागून दुसरा विचार आला. मुकुट बिघडला तर थिएटरवाले चिडतील. चिडले तर येणं-जाणं तुटेल. सुपारी देवापुढेच राहील. मी काहीही न बोलता, मान वर न करता, हे सगळं होईल.

"छान," मी म्हणाले.

अण्णांनी भांड्यावर ताटली झाकली आणि वर पाटा ठेवला.

शनिवारी मी त्या पडवीत गेले नाही. दिवसभर आत्याने मला घरात अडकवून ठेवलं होतं. नऊवारी नेसवून बघितली, सोडली, पुन्हा नेसवली. "हुबळीला त्यांच्या घरी माजघरातून थेट थिएटरात दार आहे म्हणे," ती निऱ्या करत म्हणाली. "रस्त्यावर पाय ठेवायला नको. सिनेमा फुकट." मला त्या दाराचाच विचार येत राहिला. घरातून अंधारात उघडणारं दार.

रविवारी सकाळी अण्णांनी तिवईवर मडकं पालथं घातलं, त्याच्यावर मुकुट ठेवला आणि पंप मारला. पहिला फवारा बसला तो काळपट दिसला. त्यांना वाटलं, सावलीमुळे. तिवई उन्हात ओढली. पुन्हा पंप मारला. मुकुट शेवाळलेल्या तांब्यासारखा झाला, मळकट, हिरवट, कुठे काळा. त्यांनी भांड्यात बोट बुडवून बाहेर काढलं, नाकाशी नेलं, डोळ्यांशी नेलं. मग मला हाक मारली.

"हा रंग तुला कसा दिसतो?"

"हिरवट," मी म्हणाले.

"मला दुकानात सोनेरी दिसला होता. परवा भांड्यातही."

ते मुकुटापाशी तसेच खाली बसले, पायावर रंगाचे शिंतोडे. मी खोटं बोलले नव्हते. पण त्यांनी त्यातून काढलेला अर्थ मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मी तो खोडला नाही. मी आत गेले आणि आत्याने दिलेला गजरा माळून घेतला. अजून मला वाटत होतं की पाहुणे मुकुट बघतील आणि उठून जातील.

पाहुणे तीनला आले. साडेचारला राहूकाळ लागत होता, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. थिएटरवाल्यांनी मुकुट दोन्ही हातांत धरून फिरवला आणि जोराने हसले.

"अहो, हा विहिरीतनं काढला काय? राजा बुडून मेला वाटतं!"

त्यांच्या बायकोनेही पदर तोंडाला लावला. मी आतून बघत होते. आता चिडतील, आता.

"राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी मुकुट खुर्चीखाली ठेवला. "मद्रासहून एक मागवतो. मुकुटाचं काय एवढं? आता आपण सोयरे. तुमचं वय झालं, डोळे थकले. किती दिवस हे करणार? एकदा मुलगी आमच्याकडे आली की दुकान काढून टाका आणि निवांत बसा."

अण्णांनी मान हलवली. "खरं आहे तुमचं," ते म्हणाले. "रंगच ओळखू येईनासे झालेत. त्यात काही राहिलं नाही आता."

असं ते कधी बोलले नव्हते. दुकानातल्या कुठल्याही दाढीचा केस कुठल्या डब्यातला हे अंधारात सांगणारे ते. काहीच तुटलं नव्हतं. लग्न जिथल्या तिथे होतं. माझ्या गप्प राहण्याने फक्त अण्णांच्या हातातली कला काढून घेतली होती.

आत्याने मला बाहेर बोलावलं. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि सतरंजीच्या कडेला बसले. खुर्चीखालचा मुकुट माझ्या समोरच होता, माझ्याच डोक्याच्या मापाचा. आत्याने तबकात सुपारी आणि अडकित्ता आणून ठेवला.

"मुलीला एकदा विचारायचं का?" बाई म्हणाल्या. त्या तशा वाईट नव्हत्या. विचारण्याची एक रीत असते, म्हणून.

"विचारायचं काय त्यात?" आत्या म्हणाली. "ती गप्प आहे म्हणजे हो. चार वाजत आले. फोडा."

थिएटरवाल्यांनी अडकित्ता उचलला. अण्णा आपल्या बोटांकडे बघत होते. नखांत हिरवा रंग बसला होता आणि ते तो अंगठ्याने काढत होते, निघत नव्हता.

मी त्यांच्याकडे बघून बोलले. आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. बाहेर गल्लीतसुद्धा ऐकू गेला असणार.

"अण्णा, तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही निवडलेला रंग सोनेरीच होता. तो कालवून ठेवायचा नव्हता, तसं डब्यावर लिहिलं होतं. मी वाचलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला हे लग्न करायचं नाही."