दोघींच्या मधली सीट

माझी यवतमाळची मैत्रीण मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा डॉक्टरांनी तिला हवापालट करायला सांगितलं. लोक अशा वेळी महाबळेश्वरला जातात. ती तेलंगणात आदिलाबादला, माझ्या घरी आली. आम्ही दोघीही कथा लिहितो. फरक एवढाच, की तिच्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघतात आणि माझी पुस्तकं मीच लग्नांत आहेर म्हणून देते. तरी मैत्री खरी आहे. कुणाचंही लिखाण अडलं की आम्ही दोघी चार दिवस निघायचो, कधी माहूरच्या डोंगरात, कधी बासरला गोदावरीकाठी, आणि परत येईपर्यंत अडलेलं सुटलेलं असायचं. तिचा हेवा तेव्हाही वाटायचा. पण दोघीच असलो की तो फार डोकं वर काढत नसे.

या वेळी आमच्यात तिसरी आली आणि तिला मीच आणलं. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहणारी, गुडीहत्नूरच्या कॉलेजात तेलुगू शिकवणारी बाई. तीही लेखिका. वर्षानुवर्षं आमचं बोलणं भाजी, नळाचं पाणी आणि मास्तरांच्या बदल्या एवढ्यावर चाललेलं. मी मराठी शाळेत शिकवते आणि काहीतरी लिहिते हे तिला ठाऊक होतं. एकदा तिनेच विचारलं होतं, की तुम्ही ते शाळेतल्या मुलांसाठीच लिहिता ना? मराठी कथा म्हणजे पैनगंगेपलीकडची, महाराष्ट्रातली गोष्ट, इकडे बसून ती कोण लिहिणार, असा तिचा सरळ समज. समजावत बसायचा कंटाळा आला म्हणून मी हो म्हणून टाकलं होतं.

मैत्रिणीच्या अंगात जरा जीव आल्यावर आम्ही तिघी भाड्याच्या गाडीने कुंटाल्याचा धबधबा पाहायला गेलो. मागच्या सीटवर मी मध्ये. मैत्रिणीला तेलुगू येत नाही, शेजारणीचं मराठी बाजारापुरतं, म्हणजे दुभाषी मीच. धबधब्याच्या खाली उतरणं मैत्रिणीला झेपणार नव्हतं. वरच सावलीत सतरंजी टाकली, भाकरी-ठेचा सोडला आणि शेजारणीने मैत्रिणीला एखादी कथा सांगायला लावली. ती एकेक वाक्य मराठीत सांगे, मी ते तेलुगूत सांगे. कथा संपली तेव्हा शेजारणीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, अशी कथा मी फार वर्षांत ऐकली नाही. हे वाक्यसुद्धा मलाच मराठीत करून द्यावं लागलं. मी ते जसंच्या तसं दिलं. मैत्रीण लाजली, म्हणाली, तिला सांग, ऐकणारी अशी मिळाली तर सांगणाऱ्याला जोर येतो. तेही सांगितलं. खरं म्हणजे त्या बाईला रडू आलं ते माझं तेलुगू ऐकून. पण हे त्या दोघींच्याही लक्षात आलं नाही आणि मला स्वतःहून सांगता येईना.

पुढे तर त्यांना माझी गरजच उरली नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत दोघींचं छान जमलं. संध्याकाळी मी शाळेतून येई, तर या दोघी माझ्याच अंगणात, माझ्याच कपांतून चहा पीत हसत बसलेल्या. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर तजेला आला. मला रात्री जेवण जाईना. आणि मैत्रीण जाण्याच्या आदल्या दिवशी शेजारणीने मैत्रिणीचं एक पुस्तक तेलुगूत करायला मागितलं. अवघड शब्दांना या आहेतच, असं माझ्याकडे पाहून म्हणाली.

त्या क्षणी मला माझी मुलगी आठवली. ती तेलुगू माध्यमात शिकली. नोकरीच्या दृष्टीने तेच बरं, असं घरात ठरलं होतं. मराठी ती आमच्यासारखीच बोलते, पण वाचताना अक्षरं जुळवत बसावं लागतं, म्हणून वाचत नाही. माझं एकही पुस्तक तिने वाचलेलं नाही. जगात कुणी एकाने मला वाचावं असं म्हटलं, तर मी तिचंच नाव घेईन. आता ती माझ्या आधी माझ्या मैत्रिणीला वाचणार होती.

तरीही उन्हाळाभर मी शेजारणीला एकेक वाक्य वाचून, अर्थ सांगून त्या अनुवादाला मदत केली. अंगाचा तिळपापड होत होता आणि मी मैत्रिणीच्या वाक्यांना नेमके तेलुगू शब्द सुचवत होते. चुकीचं जाऊ देणं मास्तरणीच्या हातून होत नाही.

पुस्तक आलं. एका रविवारी मुलीने ते सहज उचललं आणि दुपारपर्यंत खाली ठेवलं नाही. मी स्वयंपाकघरात होते, तिचं हसणं मला तिथे ऐकू येत होतं. प्रत्येक हसण्याला माझ्या पोटात दुखत होतं. संपवून ती तुरीच्या शेंगा सोलायला माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी लय मस्त लिहिते व आई," ती म्हणाली. "तू बी असंच लिहितेस का?"

मी म्हटलं, "तिच्याहून चांगलं."

"मंग मले काऊन नाही दाखवलं कधी? वाचून दाखव ना."

वाचून दाखवायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. माझं पुस्तक आणलं. सुरुवातीला आवाज वर्गातल्यासारखा लागला, मग खाली आला. वाचता वाचता चष्म्यावरून मी तिच्याकडे पाहत होते. ती एका जागी हसली, पण सकाळी हसली तशी नाही. मध्येच तिने विचारलं, की ही बाई म्हणजे आपली आजी ना? मी हो म्हटलं. त्यानंतर तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कथा संपली. मी थांबून राहिले.

"मावशीचं थोडं जास्त चांगलं हाय," ती विचार करून म्हणाली. "पण आता दुसरी वाच."

मला असा राग आला, की मी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत माझी सगळ्यात चांगली कथा शोधली, पाट तिच्याजवळ ओढला आणि वाचायला लागले.