ठकूला हाक मारून बघा

सिस्टरना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्यांचा थोरला भाऊ. त्यालाही त्यांनी तंबी देऊन ठेवली होती. बाकी सगळ्यांच्या त्या नुसत्या सिस्टर. बाळंतिणींच्या वॉर्डात उभा जन्म गेला. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे. नवरा होता तोवर तोही म्हणायचा, "सिस्टर, चहा मिळेल का?" आणि नवखे पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

वॉर्डात त्यांची ख्याती होती ती हाकेच्या परीक्षेसाठी. पोराचं नाव काय ठेवायचं, यावरून खाटेभोवती रणं माजायची. इकडची आजी एक सांगे, तिकडची आत्या दुसरं, आणि बाप बिचारा पुस्तकातून उतरवून आणलेलं तिसरंच. सिस्टर सलाइनची बाटली अडकवता अडकवता म्हणायच्या, "नाव काय शोकेसमध्ये ठेवायचंय? पोराला जेवायला बोलवायचंय ना त्यानं? मग हाक मारून बघा की!" कुणी धजावलं नाही तर स्वतःच व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहायच्या. दुसऱ्या टोकाला चादरींचं कपाट. हाक खणखणीत कपाटापर्यंत पोचली तर नाव पास. वाटेत धापकन पडली, नाहीतर मारणाऱ्याचीच जीभ अडखळली, तर नापास. एका प्राध्यापकांनी लेकीसाठी जोडाक्षरांनी ठासून भरलेलं लांबलचक नाव काढलं होतं. सिस्टरनी त्या नावानं हाक मारून पाहिली, दम घेतला आणि म्हणाल्या, "सर, हे पुरं होईस्तोवर पोरगी रस्ता ओलांडून पलीकडे गेलेली असेल." प्राध्यापक रुसले. पण नाव बदललं.

अशी जगाची नावं घसा फोडून तपासणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव होतं ठकू.

आजीचं म्हणून चिकटवलेलं. त्या काळीही ते जुनाटच होतं. शाळेच्या वर्गात पाय ठेवला की पोरं ओरडायची, "ठकू आली, डबे सांभाळा!" एकदा कुणाची तरी पेन्सिल हरवली तर बाईंनीही आधी हिच्याचकडे पाहिलं. तेव्हाच पोरीनं मनाशी गाठ मारली. नर्सिंगला दाखल होताना पहिल्याच दिवशी तिनं एक फॅशनेबल नाव घेतलं, त्या साली वर्गात चारचौघींचं असायचं तसलं, आणि ठकूला कायमची रजा दिली. पुढे त्या फॅशनेबल नावाचीही गरज उरली नाही. सिस्टर म्हटलं की काम भागत होतं.

मग नातीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर थोरला भाऊ काठी टेकत बघायला आला, पाळण्यावर वाकला आणि सगळी तंबी विसरून बोलून गेला, "अगं, ही तर थेट आपली ठकू! तेच नाक, तोच नाकावरचा राग!"

सिस्टरनी त्याला कोपर मारलं, पण तीर सुटला होता.

"ठकू कोण?" नातीनं विचारलं. भाऊ छताकडे बघू लागला.

"आजी, ठकू कोण?"

"होती एक," सिस्टर म्हणाल्या. "गेली."

नात विम्याच्या कंपनीत लोकांचे दावे तपासायची. खोटं तिला वासावरून कळायचं. मामाआजोबांना दुसरा चहा पाजेपर्यंत तिनं सगळं काढून घेतलं.

"आजी! इतकं गोड नाव दडवून ठेवलंस?"

"गोड? सबंध शाळाभर चाखलंय मी. मला विचार."

"अगं, दोनच अक्षरं, कसं ठसकेबाज! हल्ली सगळे जुनीच नावं शोधतायत. आमच्या ऑफिसातल्या पोरांची नावं ऐकलीस तर वाटेल, वृद्धाश्रमाची हजेरी चाललीये. पण हे कुणाकडेच नाही. एकदम युनिक! हिचं हेच ठेवायचं."

नातजावई म्हणाला, "मलाही आवडलं." त्याला काय, झोपायला मिळालं असतं तर त्याला कुठलंही नाव आवडलं असतं.

"तुमची हौस होईल," सिस्टर कडाडल्या, "आणि शाळेत ही जाईल. डबे सांभाळा म्हणतील हिला. माझ्या जिवात जीव आहे तोवर हे नाव या घरात ठेवायचं नाही."

"बरं, मग तुझ्याच नियमानं होऊ दे," नात म्हणाली. "मार हाक."

आता आली का पंचाईत! आपलाच कायदा, नाही कसं म्हणणार? सिस्टर जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत लबाडी केली. 'ठ' गिळला, 'कू' सोडून दिला. सर्दी झालेलं मांजर कण्हावं तसं काहीतरी निघालं आणि पहिल्याच पायरीवर बसलं.

"नापास," असं म्हणून त्या बाळाच्या बाटल्या उकळायला स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यातली लबाडी तशी निम्मीच होती. उरलेलं निम्मं घशानं आपणहून केलं होतं. आपल्याच नावानं आपण हाक मारायची वेळ कुणावर येते?

नात काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तान्ह्या पोरीला नवऱ्याच्या हातात देऊन ती जिन्यापाशी गेली आणि आजीकडूनच वारशानं आलेला गळा तिनं मोकळा सोडला.

"ठकूऽऽ! ए ठकूऽऽ!"

"ओऽऽ! आले गं आई!"

आवाज स्वयंपाकघरातून आला. कोण ओरडलं म्हणून सिस्टर इकडेतिकडे बघू लागल्या, तोवर पाय निघालेसुद्धा होते. ओल्या हातांनी, अनवाणी, त्या जिन्यापर्यंत धावत येऊन पोचल्या आणि तिथे नातीला बघून थबकल्या. भावानं चष्मा काढून उगाचच पुसला.

नात काही बोलणार, एवढ्यात खालच्या मजल्यावरून दुसरा "ओ" आला. बारीक, बोबडा. पाठोपाठ पायरी-पायरीवर बसत एक पोरगी वर आली. एका पायात बूट, हातात केळं.

"मला का बोलावलं?"

मागून तिची आई धापा टाकत आली. नवीनच राहायला आली होती. "अहो, हिला वाटलं तिलाच हाक मारली. आमचीपण ठकूच. पाळणाघरात आणखी एक आहे, म्हणून हिला मोठी ठकू म्हणतात."

नातीचा चेहरा खर्रकन उतरला. त्या पोरीची आई ऐकेल म्हणून ती हळूच कुजबुजली, "आजी, मग नको गं. बदलू या. मला वाटलं होतं, कुणाकडेच नसेल."

"बदलू या?" सिस्टर काही कुजबुजल्या नाहीत. "कुणी ठेवत नाही म्हणून मी जन्मभर लाजले, आणि आता सगळे ठेवतात म्हणून तू लाजणार? खबरदार नावाला हात लावलास तर! हाक तळमजल्यापर्यंत गेली आणि दोन-दोन ओ घेऊन आली. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढे मार्क कुणाला पडले नाहीत."

"पण मघाशी तूच नापास केलंस!"

"परीक्षक लबाड होता," सिस्टर म्हणाल्या.

मोठी ठकू केळं खायचं थांबवून या अनवाणी आजीबाईंना न्याहाळत होती. "तुझं नाव काय?"

तिची आई घाईनं म्हणाली, "अगं, त्या सिस्टर आहेत."

"ठकू," सिस्टरनी सांगितलं. तेही असं, की चादरींच्या कपाटापर्यंत ऐकू गेलं असतं. "सगळ्यात मोठी."

पोरीनं बराच वेळ विचार केला. "मोठी मी आहे," ती म्हणाली.

"बरं बाई," सिस्टर पायरीवर बसत म्हणाल्या, "मग मी म्हातारी ठकू. आण इकडे तो पाय, दुसरा बूट कुठे टाकलास?"