मोठी माडी

चेन्नईत गच्चीला 'मोट्टै माडी' म्हणतात. मोट्टै म्हणजे बोडकी, डोक्यावर छप्पर नसलेली. बाबांनी मात्र इथं आल्या आल्या ते 'मोठी माडी' असं ऐकलं आणि तमिळ आपल्याला सहज जमणार म्हणून खूश झाले. त्यांची नोकरी शहराबाहेर आवडी नावाच्या गावात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागली होती, त्यामुळे हा समज आणखीच पक्का झाला. गाव आवडी, माडी मोठी! हे लोक मुळात आपलेच, फक्त जरा घाईत बोलतात, असं ते साताऱ्याला जाऊन नातेवाइकांना सांगायचे.

आईने शेजारणींकडून थोड्याच दिवसांत कामापुरतं तमिळ उचललं होतं. "अहो, मोट्टै! टकल्याला म्हणतात ना, तेच मोट्टै!" हे ती त्यांना जन्मभर सांगत राहिली. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि "मी मोठ्या माडीवर आहे गं" म्हणत जिना चढायचे.

त्यांच्या मागोमाग मी. आम्हा दोघांना पक्ष्यांचं वेड होतं. ते आवडीच्या क्वार्टर्समध्ये सुरू झालं. मागे तळं होतं. काठावर एक मातकट गोळा बसलेला मी लहानपणी पाहिला, जवळ गेले तर तो उडाला आणि उडताना पांढराशुभ्र झाला. मी किंचाळले. ती ढोकरी होती, पंख मिटले की मातीसारखी दिसणारी, हे बाबांनाही तेव्हा माहीत नव्हतं. पण त्यांनी माझ्याइतकाच आ वासला होता, आणि माझ्या मते तिथंच आमचं जमलं.

दुर्बीण एकच होती. दुसरी घेणं पुढे कधीही जमलं असतं, पण घेतली नाही, कारण खेळ सगळा त्या एकीवरच चालायचा. दुर्बीण ज्याच्या हातात, त्याने पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं वर्णन करायचं. दुसऱ्याने ओळखायचं. ओळखलं की दुर्बीण त्याच्याकडे. मी चोचीचा रंग, पायांची लांबी असं एकापाठोपाठ एक सांगू लागले की बाबा वैतागायचे. "हा काय ऑफिसचा रिपोर्ट आहे? पक्षी सांग, पक्षी!" ते स्वतः मात्र रंगवून सांगायचे. जांभळी पाणकोंबडी त्यांनी पहिल्यांदा मला सांगितली ती अशी: "जांभळं रेशमी नेसलंय, कपाळभर कुंकू आहे, आणि चिखलात पाय भरतील म्हणून उचलून उचलून टाकतेय." मी म्हटलं, "आत्याबाई!" साताऱ्याची आमची आत्या कार्यात अगदी अशीच चालते. तेव्हापासून आमच्या घरात त्या पक्ष्याचं नाव आत्याबाई पडलं. आत्याला हे आजतागायत ठाऊक नाही.

बाबा लबाडीही करायचे. मी बरोबर ओळखलं तरी दुर्बीण हातची सोडायचे नाहीत. "थांब, थांब, अजून एक आहे," म्हणायचे. बऱ्याचदा तिथं काही नसायचंच.

ते निवृत्त झाल्यावर दोघं माझ्याकडे पेरुंगुडीला राहायला आले. मी शोळिंगनल्लूरला नोकरीला. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पाणथळ दिसते, आणि तिच्या कडेला शहराच्या कचऱ्याचा डोंगर. वारा फिरला की नाकाला पदर लावावा लागतो. बाबांना या घराइतकं दुसरं कुठलंच घर आवडलं नाही. आई उन्हात वडाम घालायची. आपल्या कुरडया-पापडांच्याच जातीचं हे तमिळ वाळवण. कावळे राखायला बाबांना बसवायची. बाबा दुर्बीण डोळ्यांना लावून पाणथळीत हरवलेले, आणि पाठीमागे कावळ्यांची पंगत बसलेली. आई वर येऊन जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

लोक भेटायला आले, माझ्या हिमतीचं कौतुक करून गेले. हिंमत कसली! मी गच्चीवर जायचंच सोडलं होतं. दुर्बीण आता कायमची माझी होती, आणि ती मला नको होती. ऑफिसातल्या एकीने आग्रह केला म्हणून मी रविवारच्या पक्षिनिरीक्षकांबरोबर एकदा जाऊन आले. माणसं चांगली होती. पण प्रत्येकाच्या गळ्यात आपापली दुर्बीण, आणि पक्षी दिसायचा अवकाश की कुणीतरी त्याचं इंग्रजी नाव सांगून मोकळं. समोर आत्याबाई चिखल चुकवत चालल्या होत्या आणि मला ते नाव उच्चारता येईना. कळणार कुणाला? ते नाव कळणारा दुसरा माणूसच जगात उरला नव्हता. बाबा गेले ते आमचं बघणंही घेऊन गेले, या विचाराने मी घरी येऊन खूप रडले. आईपुढे नाही, न्हाणीघरात.

आईला यातलं काही कळेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या लेखी कावळा सोडून बाकी सगळे बगळे.

ऊन चढू लागलं तसं तिने यंदाही वडामांचं पीठ शिजवलं. सुट्टीच्या सकाळी मी लोळत होते, तर दारात येऊन म्हणाली, "ऊठ. मोठ्या माडीवर राखायला बसायचंय."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"मोठ्या माडीवर. बहिरी झालीस का?"

ती सहज बोलून गेली होती, आपण काय म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. जन्मभर तिने ज्या शब्दावरून त्यांना टोकलं, तो तिच्या तोंडात कधी जाऊन बसला कोण जाणे. मी तोंड धुवायच्या निमित्ताने बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

वर गेले तर आईने साडी अंथरून वडाम घातले होते, आणि स्वतः कठड्याशी उभी होती. डोळ्यांना दुर्बीण. कपाटातून कधी काढली देव जाणे.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"जांभळी बाई आहे एक. ठसठशीत कुंकू. जिन्यावर सांडलेलं ताक चुकवत चालावं, तशी चाललीय."

"आत्याबाई," मी कसंबसं म्हटलं.

"बरोबर," आई म्हणाली.

मी दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

"थांब, थांब," ती दुर्बीण घट्ट धरून म्हणाली, "अजून एक आहे."

पाठीमागे कावळे वडामांवर उतरल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनीही वळून पाहिलं नाही.