मोफत शाळा आणि आम्ही पालक

जपानमधल्या सेंदाईत आमच्या ओळखीची मराठी घरं मोजून चार. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जेवायला जमलो की बोलणं कुठूनही सुरू होऊ दे, येतं मुलांच्या शाळेवरच. नवीन काही घडलं नसेल तर जुनंच पुन्हा सांगायला लावतात, आणि दर वेळी त्यात थोडं आणखी तेल पडतं. इथे मी शक्यतो कमी तेलात सांगते.

*

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी आम्ही इथे आलो. नवरा विद्यापीठात पोस्टडॉक. ओजस सहा वर्षांचा झाला तेव्हा वॉर्ड ऑफिसचा फॉर्म आला. जपानी मुलांना शाळा सक्तीची असते. परदेशी मुलांवर सक्ती नाही, पण जायचं असेल तर त्यांनाही फी नाही. म्हणून विचारलं होतं, मुलाला शाळेत पाठवायचंय का.

घरात तेव्हा जपानी वाचता येणारा एकटा ओजस, बालवाडीत शिकलेला. मी म्हटलं, "बघ रे, टिक कुठे करायची?" त्याने केली. मी सही करून फॉर्म पाठवून दिला.

आठवड्याने ऑफिसातून फोन. बाई इंग्रजीत, फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "तुमचा नकार मिळाला. आमचं काही चुकलं का?"

*

इथे शाळा मुलंच साफ करतात. त्यासाठी घरून शिवलेली दोन फडकी द्यायची असतात. माझी मैत्रीण केतकी हौशी. तिने मुलीसाठी, इरासाठी, कोऱ्या टॉवेलची फडकी शिवली, कडेने कशिदा काढला, मधोमध मोर.

वर्गाच्या बाईंनी ती काचेच्या कपाटात मांडली आणि इराबरोबर चिठ्ठी पाठवली: "कृपया दोन फडकी पाठवावीत."

*

पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. ती सगळ्यांच्या करातून येतात, हे बाईंनी वर्गात समजावलं. इराने घरी येऊन बाबाला, मंदारला, विचारलं, "तू टॅक्स भरतोस ना?"

तो तेव्हा पीएचडी करत होता. "नाही गं, स्कॉलरशिपवर टॅक्स नसतो."

दुसऱ्या दिवशी इरा सगळी पुस्तकं परत करायला घेऊन गेली. बाईंनी समजूत घातली, "तू चॉकलेट घेतेस ना? त्यावरही कर असतो. म्हणजे तू भरतेसच."

तेव्हापासून चॉकलेट नको म्हटलं की इरा म्हणते, "मग शाळा कशी चालणार?"

*

मंदारचे वडील, अण्णा, साताऱ्याला नागरिकशास्त्र शिकवायचे. इथे आले आणि नातीला वर्गाची फरशी पुसताना पाहून थेट मुख्याध्यापकांकडे. तोवर मला बोलण्यापुरतं जपानी यायला लागलं होतं, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं.

"सक्तीचं शिक्षण मोफत, असं तुमच्या राज्यघटनेत आहे," अण्णा म्हणाले. "मग झाडायला माणूस नेमणं सरकारचं काम. पोरांच्या हातात फडकं कशाला?"

मी जपानीत सांगितलं, "आजोबांना तुमची साफसफाई फार आवडली."

मुख्याध्यापकांनी वाकून आभार मानले आणि अण्णांना दुसऱ्या दिवशी सफाईला बोलावलं. अण्णा नाइलाजाने गेले. तिसऱ्या दिवशी मात्र आपणहून निघाले. मी विचारलं, तर म्हणाले, "पोरं कोपरे नीट काढत नाहीत."

*

भूकंपात शाळेच्या जिमचं छत खिळखिळं झालं होतं. पुढे ते दुरुस्त झालं, पण तोवर मुलांची पीटी व्हरांड्यात चालायची. एकदा पालकांच्या मीटिंगला महापालिकेचे साहेब आले आणि म्हणाले, "योसान कमी पडतंय."

योसान म्हणजे बजेट. यासाई म्हणजे भाजी. केतकीचं जपानी तेव्हा कच्चं होतं. तिला वाटलं, मुलांच्या जेवणात भाजी कमी पडतेय. ती उठून म्हणाली, "काळजी करू नका. पुढच्या मीटिंगला मी घेऊन येते."

मग टाळ्या. साहेबांनी तिचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या मीटिंगला तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिने दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. एक कोबी दोन्ही हातांनी बाहेर काढला, केतकीला वाकून नमस्कार केला आणि टिपणं घेणाऱ्या माणसाला म्हणाले,

"लिहा. महापालिकेकडून अजून काही आलेलं नाही. पालकांकडून, मुळे चार, कोबी दोन."