सासूबाईंची मूठ

लग्न होऊन मी नगर शहरातून संगमनेरजवळच्या या गावात आले, तेव्हा मी ख्रिस्ती होते म्हणजे नाताळाला करंज्या तळत होते आणि ईस्टरला नवी साडी नेसत होते. बाकी देवाचं आणि माझं बरं चाललं होतं. तो मला त्रास देत नव्हता, मी त्याला. सासरी पहिल्याच सकाळी परातीत पीठ घेतलं, तोच अंगणातून सासूबाईंनी विचारलं, "मूठ काढली का गं?"

मी गारच पडले. माझ्या माहेरच्या गल्लीत मूठ मारतात म्हणायचे. लिंबू, टाचण्या, कुणाच्या तरी नावानं पुटपुटणं, आणि तो माणूस अंथरुणाला खिळलाच. असल्या गोष्टी ऐकून लहानपणी मी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची. आणि इथं दर रविवारी न चुकता उपासनेला जाणारी बाई मूठ काढायला सांगत होती!

सासूबाईंची मूठ निघाली पिठाची. भाकरीला पीठ घेतलं की आधी त्यातली एक मूठ डब्यात टाकायची. रविवारी डबा चर्चमध्ये जायचा आणि तिथून ज्याची चूल थंड असेल त्याच्या घरी, मग तो कुठल्याही देवाचा असो. ही रीत त्यांच्या आजेसासूची. दुष्काळात घरात एकवेळचंच पीठ उरलं, तरी त्या माउलीनं आधी देवाची मूठ काढली होती.

"मग पीठ वाढलं?" मी विचारलं.

"वाढतंय कशाचं! भाकरी ल्हान झाली. पर समद्यांनी खाल्ली."

चमत्कार म्हणून मला हा फारच किरकोळ वाटला. तरी मूठ काढत राहिले, कारण सासू विचारायची राहत नव्हती. आणि विचारायची ती अशा आवाजात, की मळ्यातल्या माणसालाही कळावं.

तो आवाज भिंतीपलीकडच्या नव्या सुनेनं ऐकला. शेजारणीच्या घरी ती नुकतीच नांदायला आली होती. रोज सकाळी भिंतीतून "मूठ काढली का?" असं यायचं, आणि त्याच आठवड्यात त्यांची संकरित गाय दूध देईना. पोरीनं सुतावरून स्वर्ग गाठला. दोन दिवसांत गल्लीभर झालं, की ख्रिश्चनाची म्हातारी मूठ मारते.

गल्लीतली निम्मी पोरं सासूबाईंच्या पायांवर न्हालेली. बाळंतिणीच्या घरातून पहिलं बोलावणं त्यांनाच यायचं. ते बंद झालं. विरजण मागायला कुणी फिरकेना. एक दिवस समोरून येणाऱ्या बाईनं त्यांना पाहून कडेवरच्या लेकराच्या तोंडावर पदर ओढला. त्या दुपारी सासूबाई जेवल्या नाहीत.

मला संताप संताप झाला. म्हटलं, "आई, आता ही मूठ बंद करू या. काय अडलंय आपलं?"

"भिऊन बंद केली तर लोकांचंच खरं व्हईल," त्या म्हणाल्या, उठल्या, आणि डबा काखोटीला मारून थेट शेजारणीच्या ओट्यावर गेल्या. मी मागोमाग. दळण आणायला, पाण्याला निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या.

शेजारीण सासूबाईंच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आलेल्या. तिच्यासमोर डबा धरून सासूबाई म्हणाल्या, "ही आमची मूठ. घाल हात."

"वैनी, मी न्हाई म्हनले कायी. ही पोरगीच..."

"तू हात घाल."

शेजारणीनं डोळे मिटले, कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढून मुठीचा वास घेतला. "बाजरी हाय की गं!" ती ओरडली. "आन् आमच्यापरीस बारीक दळल्याली!"

सगळ्या बाया फस्सकन हसल्या. नवी सून दाराआड लालबुंद झाली. सासूबाईंनी मग मूठ कशाची, कुणासाठी, सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आता गाय दाव."

गोठ्यात गाय मान टाकून उभी होती. तिला दगडी हा कासेचा आजार झाला होता, कास खरंच दगडासारखी लागत होती. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला होता, पण ती चाऱ्याला तोंड लावत नव्हती. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "प्रभू..." म्हणाल्या आणि थांबल्या. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मळ्यापर्यंत पोचणारा तो आवाज पार फुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कर."

मी? मी आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. मागोमाग गोठ्यात आलेल्या बायांनी डोक्यावर पदर घेतले होते, नवी सूनही येऊन उभी होती. चर्चमधली सजवलेली वाक्यं आठवेनात. आठवली ती दुष्काळातली लहान भाकरी, सगळ्यांना पुरलेली. आणि तो चमत्कार किरकोळ नव्हता हे मला शेणामुताच्या त्या वासात लख्ख कळलं.

"देवा," मी म्हणाले, "या गायीला बरं कर. आमच्या आईला तिची गल्ली परत दे. आमच्याजवळ मूठभरच आहे, तेवढं घे."

कुणीतरी ऐकतं आहे, याची मला त्या क्षणी खात्री होती. त्या नादात शेवटचं आमेन म्हणायचंच राहिलं. प्रार्थना संपली हे कुणाला कळेना. मग शेजारणीनं पिठानं भरलेला हात सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय रं देवा, व्हय!"

"व्हय! व्हय!" मागून सगळ्या बाया म्हणाल्या, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज नव्या सुनेचा होता.