पंधरावी मेणबत्ती

नादकाटा गुडघ्यावर आपटायचा आणि कानाशी न नेता दातांत धरायचा, ही सरांची सवय. सूर हाडातून थेट डोक्यात जातो, म्हणायचे. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

सर वसईचे. खोर फक्कानच्या बंदरात जनरेटर सांभाळायचे आणि दर शुक्रवारी डोंगर ओलांडून, शेअर टॅक्सीनं शारजाच्या चर्चमध्ये आमचा कॉयर बसवायला यायचे. हजेरीची वही माझ्याकडे.

चारशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन मठवासी संगीतकाराची ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातली गाणी, वाद्याशिवाय. सर त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलायचे. "बाय, त्याच्याकडे स्वतःचं होतं काय? एक झगा, एक खोली. म्हणून चार आवाजांत त्यानं कुणालाच मोठं केलं नाही."

वाद्य नसलं की सूर हळूहळू खाली घसरतो. सर दुसऱ्या ओळीलाच थांबवायचे. "खलास. विहिरीत चाललात. वर या."

त्या वर्षी उपवासकाळात आम्ही घसरलो आणि सरांनी थांबवलं नाही. मी वहीत नोंद केली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा नोंद. तिसऱ्या शुक्रवारी विचारलं.

त्यांनी माझी वही मिटली. "ईस्टरनंतर कंपनीची मेडिकल आहे. कान गेले की व्हिसा गेला. तोवर कुणाला सांगू नकोस, बाय."

मग मी सरांसमोर बसून त्यांना हातानं खूण करू लागले. तळहात वर, म्हणजे घसरलो, सूर उचलायला सांगा.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारची संध्याकाळ. प्रत्येक स्तोत्रानंतर एक मेणबत्ती विझवायची. चौदा विझतात, पंधरावी जळतीच वेदीमागे लपवतात. मग अंधारात सगळ्यांनी पुस्तकं बाकांवर आपटायची. तो गडगडाट ऐकू आला की ती मेणबत्ती बाहेर आणायची. हा मान सरांचा. काडेपेटी, पाणी, दिव्यांची बटणं, सगळं माझ्या यादीत होतं. अंधारात खूण दिसत नाही, एवढंच नव्हतं.

पुस्तकं आपटली. एक मूल रडलं. मेणबत्ती आली नाही. पुन्हा आपटली. कुणीतरी खाकरलं.

मी चाचपडत वेदीमागे गेले. सर मेणबत्ती दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसले होते, मान कलती, कान देऊन. मी बाहीला हात लावला.

"वाजलं?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, हळूच विचारलं. चर्चभर ऐकू गेलं.

बाकांवर बंदरातले बरेच जण होते. मेडिकलची गरज पडली नाही.

वसईला परत जाताना सर नादकाटा माझ्या वहीवर ठेवून गेले. मी एकदा दातांत धरून पाहिला. सूर अगदी स्पष्ट येतो.