चांदण्यात तोडलेली काठी

जव्हारहून दाभोशाच्या जीपमध्ये बसले तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "कुठं उतरनार, ताई?"

"गोल घर."

"जा लवकर. उद्या पाडतात ते."

घ्या! आठवडाभर आधी खोली ठरवून निघालेली मी, आणि घरच मोडीत निघालेलं!

घर लांबूनच दिसलं. सुगरणीच्या खोप्यासारखं गोल, उताराला लगटून बसलेलं. मालक सदानंदराव चहा घेऊन सामोरे आले. वडिलांच्या वेळचं एका खोलीचं घर चार वर्षांपूर्वी शहर सोडून आल्यावर त्यांनी वाढवून खोप्याच्या आकाराचं केलं होतं. भिंती सगळ्या कुडाच्या (कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप). माणूस भला, पण चेहरा उतरलेला. का, ते कपातच कळलं. पहिला घोट घेते तो चहावर पांढरी भुकटी! वरच्या काठ्या भुंग्याने पोखरल्या होत्या.

"म्हणून सगळं पाडून सिमेंट," ते म्हणाले.

जेवायला नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. स्वयंपाक करणाऱ्या जनीमावशी वाढता वाढता एकदम बोलल्या, "ताई, आतली जुनी भिंत पायली काय? माझे बापाने बांधली. ती बी पाडनार."

मला काही राहवेना. हात धुऊन त्यांच्याबरोबर आत गेले. सदानंदरावही अर्ध्या भाकरीवरून उठून मागून आले. भिंत काळपट, गुळगुळीत. वरच्या उघड्या काठ्यांवरून बोट फिरवलं, तर भुकटीचा कण नाही! कारवी त्याच डोंगरावरची, मग हे कसं?

"बाप अंधारीत (वद्य पक्षात) तोडायचा," मावशी म्हणाल्या. "चांदन्यातली काठी गोड रहते, भुंगा खातो. मी सांगलं होतं दादांना, अंधाराची तोडा."

सदानंदराव ओशाळले. "मला वाटलं, रात्री चोरून तोडायला सांगताय. म्हटलं, नको रे बाबा, परवानगी काढून राजरोस तोडू."

मला फस्सकन हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मावशी हसल्या नाहीत. बापाच्या भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या.

सदानंदरावांनी तिथूनच मुकादमाला फोन लावला. "उद्या येऊ नका." मग मावशींकडे वळून म्हणाले, "चुकलो, मावशी. या खेपेला काठी तुम्ही दाखवा."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाकरी थंड झाली तुमची, दादा."

परतताना जीप तीच. आपण शहरातली माणसं पक्ष्याच्या घरट्यावरून घर बेततो, पण शेजारच्या बाईचा एक शब्द नीट ऐकत नाही, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं.

"पाडलं काय घर?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. अंधाराची वाट बघतायत."

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "मंग काठी तोडनार!"